चेंडू कुणाला द्यायचा? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या वाटणीची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आकडे घाईत निघून जातात, ते इथे नीट घातलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून निम्मे लोक म्हणतील, याचं आपल्याला काय? अमेरिकन फुटबॉल, तोही कॉलेजचा, आणि त्यातही रनिंग बॅक नावाच्या खेळाडूंमध्ये चेंडू कसा वाटला जातो एवढाच प्रश्न. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या टीममधले काही जण अमेरिकेत बसतात, आणि सप्टेंबर ते डिसेंबर सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं शनिवारच्या सामन्यांवर जातात. ऐकून ऐकून मी जुने सामने बघायला लागलो, मग जुने आकडे काढायला लागलो. त्या आकड्यांत मला जे दिसलं ते खेळापेक्षा वेगळंच होतं. म्हणून हा भाग.

आधी खेळ समजून घेऊ, दोन मिनिटांत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेलात तर चेंडू समोरच्यांकडे. पुढे जायचे रस्ते दोन: चेंडू फेकायचा, नाहीतर हातात घेऊन पळायचं. पळणारा मुख्य माणूस म्हणजे रनिंग बॅक. क्वार्टरबॅक त्याच्या पोटात चेंडू खुपसतो आणि हा समोरच्या भिंतीत घुसतो. अशा एका धावेला म्हणतात कॅरी.

आपल्याकडची जवळची गोष्ट म्हणजे कबड्डीतली चढाई. एकटा माणूस, समोर सगळा संघ. फरक एवढाच की कबड्डीत चांगला चढाईपटू हात लावून परत येतो. इथे परत येणं नाही. जवळजवळ प्रत्येक कॅरीचा शेवट पकडीत होतो, आणि ती पकड शंभर-सव्वाशे किलोची दोन-तीन माणसं पूर्ण वेगात येऊन करतात.

आता मुद्दा. कॅरी म्हणजे संधी. जितक्या जास्त, तितके यार्ड, तितकं नाव, तितका पुढे व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, भाव. पण तीच कॅरी म्हणजे झीज. गुडघा, खांदा, घोटा. आणि शाळा संपल्यावर तीन वर्षं एनएफएल कुणाला घेत नाही. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट या नियमाविरुद्ध कोर्टात गेला आणि २००४ मध्ये अपिलात हरला. म्हणजे किमान तीन वर्षं हा मुलगा कॉलेजच्या कोचच्या हाती. २०२१ पर्यंत त्याला शिष्यवृत्ती सोडून कायदेशीर कमाई नव्हती. तेव्हा 'चेंडू कुणाला' या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न असतो: कुणाचं शरीर किती खर्च करायचं, आणि ते ठरवणार कोण?

सुरुवात करू वेस्ट पॉइंटपासून, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीपासून. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, कोच अर्ल 'रेड' ब्लेक. त्यांच्याकडे दोन असामान्य धावपटू होते. डॉक ब्लँचर्ड मधून घुसणारा, दणकट. ग्लेन डेव्हिस कडेने निसटणारा, चपळ. वर्तमानपत्रांनी नावं पाडली, मिस्टर इनसाइड आणि मिस्टर आउटसाइड. १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत हा संघ २७ सामने जिंकला, एकही हरला नाही, आणि एक बरोबरीत सुटला. तो न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममधला नोत्र दामविरुद्धचा शून्य-शून्य सामना. १९४५ चा हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, ब्लँचर्डला मिळाला. १९४६ चा डेव्हिसला.

पण माझं लक्ष गेलं ते वेगळ्या आकड्यावर. १९४५ च्या अख्ख्या हंगामात डेव्हिसने किती कॅरी केल्या? ८२. सामन्याला साधारण नऊ. आणि यार्ड ९४४! म्हणजे दर धावेला साडेअकरा. एकाला रोखायला बचावफळी मधे गोळा झाली की दुसरा कडेने जायचा. वाटणी हेच हत्यार होतं. कुणी कुणाचा घास काढून घेतोय असं तिथे नव्हतंच.

हे इतकं सोपं होतं तर पुढे सगळ्यांनी तसंच का नाही केलं? कारण असे दोघे एका वेळी एका ठिकाणी सापडत नाहीत. एक सापडतो. आणि एक सापडला की कोच त्यालाच राबवतो.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूएससीचे जॉन मॅके यात सर्वांत प्रसिद्ध. साठच्या दशकाच्या शेवटी ओ. जे. सिम्पसनला ते सामन्यामागून सामन्यात चेंडू देत राहिले. एवढा भार का टाकता असं कुणी विचारलं तर मॅके म्हणायचे की चेंडू काही जड नसतो, असा किस्सा सांगतात. वाक्य गमतीचं आहे, अजूनही सगळे हसून सांगतात. मला ते फारसं गमतीचं वाटत नाही. जड चेंडू नसतो, अंगावर येणारी माणसं असतात.

मग जॉर्जियाचा हर्शल वॉकर. १९८० ते १९८२, तीन हंगाम, ३३ सामने, ९९४ कॅरी. सामन्याला तीस! पहिल्याच वर्षी, १ जानेवारी १९८१ च्या शुगर बोलमध्ये, सुरुवातीलाच त्याचा खांदा निखळला. तो बसवून पोरगं पुन्हा मैदानात आलं, एकूण ३६ वेळा धावलं, १५० यार्ड काढले, आणि जॉर्जियाला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. तो तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होता. ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि शौर्य त्यात आहेच. पण तेव्हा कोचने दुसऱ्या कुणाला द्यायला हवा होता का चेंडू, हा प्रश्न त्या कथेत कुणी विचारत नाही.

मधे टेक्सासमध्ये एक वेगळंच उत्तर सापडलं होतं, आणि इंजिनिअर म्हणून मला ते फार आवडतं. १९६८ साली कोच डॅरेल रॉयल यांच्याकडे तीन चांगले रनिंग बॅक होते: ख्रिस गिल्बर्ट, टेड कोय आणि स्टीव्ह वूस्टर. कुणाला बसवायचं? त्यांचे सहायक एमरी बेलर्ड यांनी तिघांनाही एकदम उतरवणारी रचना काढली. पक्ष्याच्या छातीतल्या इंग्रजी 'वाय'सारख्या हाडाचा आकार, म्हणून नाव पडलं विशबोन. यात क्वार्टरबॅक पळता पळता समोरच्या एका बचावपटूकडे बघतो. तो आत आला तर चेंडू बाहेर, तो बाहेर गेला तर चेंडू आत. म्हणजे चेंडू कुणाला हे कोच ठरवतच नाही. विरोधी संघ ठरवतो! रुसायला जागाच नाही. त्या हंगामाची सुरुवात एक बरोबरी आणि एक पराभव अशी झाली होती. त्यानंतर टेक्सासने सलग ३० सामने जिंकले.

पण विशबोनला पासिंग जमायचं नाही, खेळ बदलला, फेकाफेक वाढली, आणि मैदानावर रनिंग बॅकच्या जागा तीनाच्या दोन झाल्या, मग बहुतेक वेळा एकच. प्रश्न पुन्हा कोचच्या पुढ्यात.

कोच हे रोज ठरवतात कसं, तेही थोडं सांगतो, कारण बाहेरून बघताना वाटतं की जो जोरात पळतो त्यालाच देत असतील. तसं नसतं. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असतो तेव्हा रनिंग बॅकला पळायचं नसतं, क्वार्टरबॅकवर झेपावणाऱ्याला अडवायचं असतं. नव्या मुलांना हे जमत नाही. शाळेत ते सगळ्यांपेक्षा जोरात पळत आले, अडवायला कुणी शिकवलंच नाही. त्यामुळे कितीही वेगवान असला तरी तो बाकावर बसतो. दुसरं म्हणजे चेंडू हातातून सुटणं. एकदा सुटला की पुढचे दोन-तीन डाव दुसऱ्याला. काही कोच पाळी लावतात, एक डाव तुझा, एक डाव त्याचा. काही जण परिस्थिती बघतात, एक-दोन यार्ड हवे असतील तर दणकट, मोकळी जागा असेल तर चपळ. आणि काही जण सरळ म्हणतात, आज ज्याचा हात गरम त्याला. आमच्या धंद्यात लोड बॅलन्सर नावाची गोष्ट असते, आलेलं काम पाच-सहा सर्व्हरमध्ये वाटून देते. सोपं काम आहे ते, कारण वाट बघणाऱ्या सर्व्हरला काही वाटत नसतं.

वाट बघणारा म्हटलं की बॅरी सँडर्स. ओक्लाहोमा स्टेट, १९८६ आणि १९८७. सँडर्सच्या पुढे होता थर्मन थॉमस. कोच पॅट जोन्स थॉमसला खेळवत राहिले, आणि त्यात काहीच चूक नव्हतं. थॉमस पुढे बफलोकडून एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू झाला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. सँडर्सला मिळायच्या उरलेल्या कॅरी, आणि किक परतवण्याचं काम. १९८८ मध्ये थॉमस गेला आणि सँडर्सला चेंडू मिळाला. ११ सामने, ३४४ कॅरी, २,६२८ यार्ड, धावत काढलेले ३७ टचडाउन. बोल सामन्यातले २२२ यार्ड यात धरलेलेच नाहीत, कारण तेव्हा ते अधिकृत आकड्यांत मोजत नसत. हाइझमन जाहीर झाला तेव्हा तो टोकियोत होता, टेक्सास टेकविरुद्धच्या सामन्यासाठी. त्या सामन्यात ३३२ यार्ड काढले.

लोक यावरून म्हणतात, बघा, दोन वर्षं हिरा बाकावर कुजवला. मला उलट वाटतं. दोन वर्षं त्याच्या गुडघ्यांवर कुणी पडलं नाही. १९८९ मध्ये डेट्रॉइटने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं तेव्हा त्यांना जवळजवळ नवं कोरं यंत्र मिळालं. अर्थात हे मी आज बसून म्हणतोय. थॉमस आणखी एक वर्ष राहिला असता, किंवा सँडर्सला त्या एका वर्षात दुखापत झाली असती, तर त्याचं नाव कुणाला माहीत असतं?

आता येऊ त्या सामन्यावर, ज्याच्यामुळे हा भाग करायचा ठरला. ४ जानेवारी २००६, पॅसाडिना, रोझ बोल, राष्ट्रीय विजेतेपदाची लढत. यूएससी विरुद्ध टेक्सास. यूएससीने त्याआधी सलग ३४ सामने जिंकलेले. कोच पीट कॅरल. त्यांच्याकडे रेजी बुश आणि लेनडेल व्हाइट. बुश म्हणजे वीज, व्हाइट म्हणजे गडगडाट, टोपणनावही तेच होतं. त्या हंगामाचे आकडे बघा. बुश २०० कॅरी, व्हाइट १९७. तीनचा फरक! यार्ड बुशचे १,७४०, व्हाइटचे १,३०२. पण टचडाउन बुशचे १६ आणि व्हाइटचे २४, कारण रेषेजवळ आलं की चेंडू व्हाइटला. हाइझमन अर्थातच बुशला.

शेवटची दोन मिनिटं आणि काही सेकंद. यूएससी ३८, टेक्सास ३३. चेंडू यूएससीकडे, टेक्सासच्या ४५ यार्डाच्या रेषेवर. चौथा प्रयत्न, हवेत दोन यार्ड. कबड्डीतली डू ऑर डाय चढाई. मिळाले तर सामना जवळपास संपला. कॅरल यांनी किक मारून चेंडू लांब पाठवायचं नाकारलं. टेक्सासचा व्हिन्स यंग त्या रात्री थांबतच नव्हता, त्याच्या हातात पुन्हा चेंडू पडूच द्यायचा नाही हा हिशेब. इथवर मी त्यांच्या बाजूने आहे.

चेंडू व्हाइटला दिला. तो घुसला. एक यार्ड मिळाला, दुसरा नाही. आणि बुश कुठे होता? मैदानाबाहेर, कडेला उभा. टेक्सासला चेंडू मिळाला. १९ सेकंद उरलेले असताना चौथ्या प्रयत्नावर व्हिन्स यंग आठ यार्ड पळत कोपऱ्यात पोहोचला. शेवटी टेक्सास ४१, यूएससी ३८.

या एका निर्णयावर वीस वर्षं वाद चालू आहे. बरेच जण म्हणतात, हाइझमनवाल्याला द्यायला हवा होता. मी तो प्रसंग यूट्यूबवर किती वेळा पाहिलाय सांगत नाही, ऑफिसातले ऐकतात. माझं मत असं: चेंडू व्हाइटला देणं बरोबरच होतं. त्या रात्री त्याने १२४ यार्ड आणि तीन टचडाउन काढले होते. बुशचे ८२ यार्ड होते, आणि आधी एकदा पळता पळता साथीदाराकडे टाकायला जाऊन त्याने चेंडू घालवलाही होता. पण बुशला मैदानाबाहेर ठेवणं चूक. तो नुसता एका कडेला उभा राहिला असता तरी टेक्सासचा एखादा माणूस त्याच्यामागे गेला असता, आणि मधली भिंत तेवढी पातळ झाली असती. मिस्टर इनसाइड-आउटसाइडचं सगळं मर्म हेच तर होतं, दोघं एकदम मैदानात असणं. साठ वर्षांपूर्वी ब्लेक यांना माहीत असलेली गोष्ट नेमक्या त्या क्षणी हातातून सुटली.

पुढचं ऐका. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बुश दुसरा गेला, न्यू ऑर्लिन्सकडे. व्हाइट दुसऱ्या फेरीत, ४५ व्या क्रमांकावर, टेनेसी टायटन्सकडे. आणि टायटन्सने त्याच्याआधी, तिसऱ्या क्रमांकावर, कुणाला घेतलं होतं? व्हिन्स यंगला. ज्याने हरवलं त्याच्याच शेजारी बसला बिचारा.

कॅरी सारख्या, भाव वेगळा. पण भार जास्त घेतल्यावर काय होऊ शकतं याचंही उदाहरण समोर होतं. साउथ कॅरोलायनाचा मार्कस लॅटिमोर. २०१० मध्ये पहिल्याच वर्षी त्याने फ्लोरिडाविरुद्ध एका सामन्यात ४० कॅरी केल्या. पुढच्या वर्षी एक गुडघा गेला. तो बरा करून परतला, आणि २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध दुसरा गुडघा निखळला. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात त्याच्याभोवती आले होते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ मध्ये त्याला चौथ्या फेरीत घेतलं. तो व्यावसायिक सामना एकही खेळू शकला नाही, २०१४ मध्ये २३ व्या वर्षी निवृत्त झाला. न्यायाने बोलायचं तर दोन्ही वेळा गुडघा एकेका धडकेत गेला, ४० कॅरींनी नाही. पण दिवसाला चाळीस वेळा रस्ता ओलांडणाऱ्याला गाडीखाली येण्याची शक्यता जास्त, एवढं गणित कुणालाही कळतं.

आणि नेमक्या उलट टोकाला डेरिक हेन्री. शाळेत त्याने १२,१२४ यार्ड काढले होते, अमेरिकेतल्या सगळ्या शाळांच्या इतिहासात सर्वाधिक. अलाबामात निक सेबन यांनी त्याला पहिल्या वर्षी जवळपास बसवूनच ठेवलं. दुसऱ्या वर्षी, २०१४ मध्ये, वाटणी: टी. जे. येल्डन १९४ कॅरी, हेन्री १७२. सेबन वाटून देणारे कोच म्हणून ओळखले जात. मग २०१५ मध्ये येल्डन गेलेला, दुसरा बॅक केनियन ड्रेक याचा हात मोडला, आणि तेच सेबन पार बदलले. ऑबर्नविरुद्ध हेन्रीला ४६ कॅरी. पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध ४४. आठ दिवसांत नव्वद! हंगामात ३९५. हाइझमन मिळाला, विजेतेपद मिळालं. आणि ड्राफ्ट? दुसरी फेरी, ४५ वा क्रमांक, टेनेसी टायटन्स. व्हाइटचाच क्रमांक, व्हाइटचाच संघ. पण हेन्री झिजला नाही. २०२० मध्ये त्याने एनएफएलमध्ये दोन हजारांवर यार्ड काढले. मोठ्या भाराने माणूस संपतोच, असा सरळ नियम करायला गेलात की हेन्री आडवा येतो. तो नियम नाही, जुगार आहे. फक्त डाव कोच लावतो आणि पैज खेळाडूच्या गुडघ्यावर असते.

हे खेळाडूंनाही कळायला लागलं. २०१६ च्या डिसेंबरात लेनर्ड फोरनेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन बड्या रनिंग बॅकनी हंगामाचा शेवटचा बोल सामना खेळायला नकार दिला, ड्राफ्टसाठी शरीर जपायचं म्हणून. तेव्हा केवढा आरडाओरडा झाला, संघाला सोडून गेले म्हणून. आज त्याची बातमीही होत नाही.

त्याच सुमारास जॉर्जियात एक जोडी होती, निक चब आणि सोनी मिशेल. २०१५ मध्ये टेनेसीविरुद्धच्या सामन्यात जॉर्जियाच्या पहिल्याच खेळीवर चबचा गुडघा गेला. त्या हंगामात मिशेलने भार उचलला आणि हजार यार्ड ओलांडले. पुढच्या वर्षी चब परतला. २०१६ नंतर दोघंही एनएफएलमध्ये जाऊ शकत होते. दोघंही थांबले. २०१७ मध्ये चब २२३ कॅरी, मिशेल १५६, दोघांचे हजारांवर यार्ड, आणि मागे डिआंड्रे स्विफ्ट नावाचं नवं पोरगंही होतं. रोझ बोलमध्ये दुसऱ्या जादा डावात मिशेलने २७ यार्ड पळून ओक्लाहोमाला हरवलं. ड्राफ्टमध्ये मिशेल ३१ वा, चब ३५ वा. 'आमच्याकडे ये, तुला मोडेपर्यंत वापरणार नाही' हे वाक्य कोच आता मुलांच्या घरी जाऊन सांगू शकत होते, आणि पुरावा म्हणून ही दोन नावं होती.

२०२१ नंतर पाया बदलला. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागलं. म्हणजे कॅरी कमी मिळाल्या तर मुलगा निघून जाणार, हे तर उघडच. पण क्विनशॉन जडकिन्सने उलटं केलं. ओल मिसमध्ये दोन वर्षांत त्याला ५४५ कॅरी मिळाल्या होत्या. तिथले तेव्हाचे कोच लेन किफिन, तेच जे २००५ मध्ये यूएससीच्या आक्रमणाचे समन्वयक होते. तो गेला ओहायो स्टेटला, जिथे ट्रेव्हियन हेंडरसन आधीपासून होता. पहिल्या जागेवरून उठून वाटणीच्या जागेवर बसला, स्वतःहून.

२०२४ चा हंगाम: जडकिन्स १९४ कॅरी, १,०६० यार्ड. हेंडरसन १४४ कॅरी, १,०१६ यार्ड. ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ ने हरवून विजेतेपद घेतलं. ड्राफ्टमध्ये जडकिन्स ३६ वा, हेंडरसन ३८ वा. आणि १६ सामन्यांत दोघांच्या मिळून कॅरी झाल्या ३३८. बॅरी सँडर्सने एकट्याने, ११ सामन्यांत, यापेक्षा सहा जास्त केल्या होत्या.

पुढचा भाग दोन आठवड्यांनी. नमस्कार.